काताचा लेप आणि प्रकाशाचा टाका

पानाचे तबक आपण सर्वांनीच पाहिले आहे, आणि त्यातील काताची डबीही. चुन्याशी मिळून विडा रंगविणे एवढेच काताचे काम, अशी आपली समजूत असते. पण सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्याजवळ याच काताच्या लेपाने एका माणसाचे नवे नाक त्याच्या चेहऱ्यावर धरून ठेवले होते, असे मी म्हटले तर आपणांस ती थट्टा वाटेल. ती थट्टा नाही. त्या हकीकतीपासूनच आजच्या विषयाला आरंभ करणे योग्य होईल. कारण जखमेच्या कडा सुई-दोऱ्यावाचून एकत्र कशा धराव्या या प्रश्नाचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे, आणि त्या इतिहासाचे सर्वांत अलीकडचे प्रकरण प्रकाशाच्या किरणांनी लिहिले जात आहे.

लंडनहून निघणाऱ्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ही हकीकत छापून आली. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकण्याचे काम करीत होता. तो टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात तोडून त्यास सोडण्यात आले. पुढे बारा महिन्यांहून अधिक काळ तो नाकावाचून वावरला. आपल्या भाषेत नाक कापले जाणे या शब्दांचा अर्थ काय होतो, हे मी सांगावयास नको. अशा माणसाला पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतील एका कारागिराने नवे नाक करून दिले. मुंबईकडील दोन इंग्रज वैद्यांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने घडवावयाचा, तो कपाळावर सपाट करून त्याभोवती रेघ ओढावयाची, तेवढी कातडी सोडवून ती भुवयांमधील एका चिंचोळ्या पट्टीने मुळाशी जोडलेलीच ठेवावयाची, आणि मग अर्धा पीळ देऊन खाली आणून नाकाच्या जागी बसवावयाची, असा तो क्रम होता.

येथपर्यंतचा भाग शल्यविद्येच्या इतिहासात पुष्कळदा सांगितला जातो. पुढील भागाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कातडी जागेवर बसविल्यावर तो कारागीर टाके घालीत नसे. कात पाण्यात कालवून तो कापडाच्या पट्ट्यांवर पसरावयाचा, अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवावयाच्या, आणि चार दिवस दुसरे काहीही लावावयाचे नाही. त्यानंतर तो लेप काढून तुपात भिजविलेली फडकी ठेवावयाची. कपाळाला जोडणारी पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापावयाची. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने हा मजकूर वाचला, वर्षानुवर्षे त्याचा विचार केला, १८१४ मध्ये स्वतः तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. युरोपातील अर्वाचीन नासासंधानाचा आरंभ येथून मानला जातो.

टाक्याची विद्या आपणांस अवगत नव्हती म्हणून काताचा आश्रय केला, असे मात्र कोणी समजू नये. सुश्रुताने वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी असे शिवणीचे चार प्रकार सांगितले आहेत. सणाचा धागा, स्नायू, केस ही शिवण्याची साधनेही त्याने नोंदविली आहेत. इतकेच नव्हे, तर फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांस काळ्या मुंग्यांचा डंख करवावा आणि डोकी तशीच ठेवून धडे तोडावी, हा विलक्षण उपायही त्याच्या संहितेत आहे. नाजूक अवयव सुईने शिवणे अवघड आहे, ही जाणीव तेव्हाही होती, याचेच ते द्योतक होय.

सुईचा दोष तिच्या गुणातच आहे. एक जखम मिटविण्यासाठी ती दहा नव्या लहान जखमा करते. हाताच्या किंवा पायाच्या कातडीला त्याचे फारसे काही वाटत नाही. पण फुप्फुस प्रत्येक श्वासाबरोबर फुगते व आक्रसते. टाक्याच्या छिद्रातूनच हवा झिरपू लागते. रक्तवाहिनीत रक्ताचा दाब त्या छिद्रांची परीक्षा घेत राहतो. तान्ह्या मुलाच्या हृदयाला जन्मजात छिद्र असेल, तर ते मिटविताना टाका मऊ मांसाला फाडून निघण्याचे भय असते. यासाठी शस्त्रवैद्यांना हवा होता एक असा डिंक, की जो ओल्या, रक्ताने माखलेल्या, हलत्या पृष्ठभागावर चिकटेल, मांसाइतकाच लवचिक राहील, आणि काम झाल्यावर निरुपद्रवीपणे नाहीसा होईल. ओल्या भिंतीवर कागद चिकटविण्याचा ज्याने कधी प्रयत्न केला असेल, त्यास या मागणीची कठीणता सहज कळेल.

विसाव्या शतकात दोन मार्ग पुढे आले. पहिला मार्ग शरीराच्याच अनुकरणाचा. रक्त गोठताना फायब्रिनचे जे जाळे होते तेच बाहेरून घडवून आणावे, या विचाराने १९४४ मध्ये त्वचारोपणासाठी फायब्रिनोजेन व थ्रॉम्बिन यांचा उपयोग करण्यात आला. हा डिंक शरीराचा सोयरा खरा, पण दुबळा. दुसरा मार्ग रसायनशाळेतून निघाला. १९४२ मध्ये अमेरिकेच्या कोडॅक कंपनीतील हॅरी कूव्हर हे बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधीत असता त्यांना सायनोॲक्रिलेट जातीचे एक द्रव्य आढळले. पण ते ज्याला त्याला चिकटते म्हणून त्यांनी ते टाकून दिले. १९५१ मध्ये त्याच द्रव्याकडे पुन्हा लक्ष गेले आणि १९५८ मध्ये ते बाजारात आले. व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांचा रक्तस्राव थांबविण्यासाठी त्याची फवारणी करण्यात आली, आणि त्याच कुळातील एका डिंकाला कातडीच्या जखमांसाठी १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण हा डिंक ओलावा लागताक्षणीच घट्ट होतो. शस्त्रवैद्याला कडा नीट जुळविण्यास उसंत देत नाही. शिवाय तो कडक असतो, आणि त्याचे विघटन होताना निघणारी द्रव्ये शरीराच्या आतील भागास मानवत नाहीत.

म्हणजे उणीव होती ती वेळेवर सत्ता चालविण्याची. लावताना पातळ, जुळविताना पातळ, आणि वैद्याने सांगितले की क्षणात घट्ट, असे आज्ञाधारक द्रव्य हवे होते. अशा द्रव्यावर हुकूम चालविणारा दूत कोण? तो दूत वैद्यकाच्या बाहेर, एका निराळ्याच धंद्यात, पूर्वीपासून राबत होता.

फ्रान्समधील निसेफोर निएप्स यांनी १८२० नंतरच्या दशकात जस्त-कथलासारख्या धातूंच्या पत्र्यांवर एका जातीचे डांबर सारवून त्यावर प्रकाश पाडण्याचे प्रयोग केले. जेथे प्रकाश पडे तेथे डांबर कठीण होई. उरलेले तेलाने धुऊन जाई. १८३९ मध्ये मंगो पाँटन यांनी डायक्रोमेट क्षाराची प्रकाशग्राहकता दाखविली, आणि १८५२ मध्ये फॉक्स टॅलबट यांनी त्या क्षाराने मिश्रित सरस प्रकाशात पाण्याला न विरघळणारा बनतो, याचा उपयोग छपाईचा ठसा कोरण्यासाठी केला. वर्तमानपत्रांतील चित्रांचे ब्लॉक पुढे कित्येक दशके याच तत्त्वावर निघत होते. दादासाहेब फाळके यांचे शिक्षण वडोदऱ्याच्या कलाभवनात झाले, आणि चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते ब्लॉक करण्याच्या आणि छपाईच्या धंद्यात होते, हे अनेकांस ठाऊक असेल. छापखान्यातील ती अंधारी खोली आणि आजची शस्त्रक्रियेची खोली यांच्यामध्ये हा एक अदृश्य दुवा आहे.

त्याचे रहस्य थोडक्यात असे. डिंकात एक प्रकाशग्राही द्रव्य अल्प प्रमाणात मिसळलेले असते. विशिष्ट रंगाचा प्रकाश पडताच ते चेतते आणि शेजारच्या रेणूंना एकमेकांचे हात धरावयास लावते. सुटे रेणू साखळ्या होतात, साखळ्यांचे जाळे होते, आणि द्रव घट्ट होतो. दिवा मालविला की नवी चेतना मिळेनाशी होते. वैद्यकात हे तत्त्व प्रथम रुळले ते दंतवैद्यांकडे. मायकेल बुओनोकोर यांनी १९७० मध्ये दाढांच्या खाचा बुजविण्यासाठी जंबुपार प्रकाशाने घट्ट होणारे द्रव्य वापरले. आज दातात सिमेंट भरताना दंतवैद्य निळा दिवा धरतो, तो याच परंपरेतील.

तोंडातून शरीराच्या आत जाण्यास मात्र आणखी काळ लागला. १९९३ मध्ये अमरप्रीत साहनी, चंद्रशेखर पाठक व जेफ्री हबेल यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या आणि शरीरात हळूहळू विरून जाणाऱ्या पाणीदार जेलीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या संशोधनातून निघालेल्या 'फोकलसील' या लेपाला फुप्फुसातून झिरपणारी हवा थांबविण्यासाठी २००० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आधी एक अस्तर, मग लेप, मग निळ्या-हिरव्या प्रकाशाचा झोत, असा त्याचा विधी होता. व्यवहारात तो रुजला नाही. परंतु प्रकाशाने घट्ट होणारा लेप माणसाच्या छातीत वापरता येतो, हे त्याने सिद्ध केले.

याच सुमारास एक दुसरी, अधिक सूक्ष्म वाट चोखाळली जात होती. म्युनिक येथील ऑस्कार राब या विद्यार्थ्याने १९०० मध्ये असे प्रसिद्ध केले होते की, ॲक्रिडीन या रंगद्रव्याच्या पाण्यातील सूक्ष्मजीव अंधारात जगतात आणि उजेडात मरतात. रंग, प्रकाश आणि प्राणवायू या त्रयीची ही शक्ती प्रथम संहारक म्हणूनच ओळखली गेली. बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या वेलमन केंद्रात आयरीन कोचेव्हर व रॉबर्ट रेडमंड यांनी तिला जोडण्याच्या कामी लावले. जखमेच्या कडांना रोज बेंगॉल हा गुलाबी रंग लावावयाचा, कडा जुळवावयाच्या आणि हिरवा प्रकाश टाकावयाचा. म्हणजे दोन्ही कडांतील कोलॅजेनचे तंतू एकमेकांशी बांधले जातात. येथे तिसऱ्या पदार्थाचा डिंक मध्ये उरतच नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात एकाच जखमेचा अर्धा भाग नेहमीच्या टाक्यांनी आणि अर्धा या रीतीने मिटविला गेला. सहा महिन्यांनंतर प्रकाशाने सांधलेल्या भागाचा वण अधिक चांगला दिसला. मात्र कातडीखालचे खोल टाके दोन्ही भागांत घालावेच लागले होते, हे विसरता कामा नये. याच कुळातील रीती जर्मनीत ड्रेस्डेन येथे डोळ्यासाठी विकसित झाली. ब जीवनसत्त्वांपैकी रायबोफ्लेव्हिनचे थेंब व जंबुपार किरण यांच्या साह्याने शंकूसारख्या फुगत चाललेल्या बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला बळकटी देण्याचा तो उपाय आज जगभर रूढ आहे.

गेल्या काही वर्षांत डिंकाच्या वाटेनेही मोठी मजल मारली आहे. २०१४ मध्ये जेफ्री कार्प, रॉबर्ट लँगर आणि लहान मुलांच्या हृदयाचे शस्त्रवैद्य पेद्रो देल निदो यांच्या गटाने पाण्याला दूर सारणारा, ग्लिसरॉल व सेबॅसिक आम्लापासून केलेला डिंक डुकराच्या धडधडत्या हृदयावर वापरून दाखविला. प्रकाश पडल्यावर काही सेकंदांतच तो घट्ट होई. त्यातून निघालेल्या रक्तवाहिन्यांच्या लेपाला २०१७ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. २०१९ मध्ये चीनमधील झेजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी डुकराच्या हृदयाला पाडलेले सहा मिलिमीटरचे छिद्र जंबुपार प्रकाशाने घट्ट होणाऱ्या जेलीने सुमारे वीस सेकंदांत बुजविल्याचे प्रसिद्ध केले.

या यशाने हुरळून जाऊ नये. प्रकाश मांसात फार खोल शिरत नाही. हिरवा किरण तर मिलिमीटरभरातच बराचसा क्षीण होतो, आणि रक्त त्याला गिळून टाकते. जंबुपार किरण पेशींना अपाय करू शकतात, म्हणून संशोधकांचा ओढा निळ्या-हिरव्या रंगांकडे आहे. डुकराचे हृदय आणि माणसाचे हृदय यांत दीर्घ परीक्षणाचे अंतर आहे. सुई-दोरा स्वस्त आहे, खेड्यातल्या दवाखान्यात आहे, आणि त्याचा हात बसलेला आहे. प्रकाशाच्या टाक्याला त्याची जागा सर्वत्र घ्यावयाची नाही. जेथे सुईच शत्रू होते, तेथे त्याने जावयाचे आहे.

आता पुन्हा त्या काताच्या लेपाकडे वळू. जुळवून धरणारा, चार दिवस सांध्याला हात न लावू देणारा, आणि काम संपताच दूर होणारा तो लेप होता. कडा खऱ्या अर्थाने जोडते ते शरीरच. डिंकाने फक्त तोपर्यंत धीर धरावयाचा असतो. हे मर्म त्या कारागिराला कळलेले होते, आणि बॉस्टनच्या प्रयोगशाळेतही शोध त्याच मर्माचा चालला आहे. फरक इतकाच की, तेथील प्रत्येक प्रयोग लिहून ठेवला जातो. चुकलेलाही ठेवला जातो, आणि म्हणून पुढच्याला तेथून पुढे जाता येते. आपल्या कारागिराने काहीच लिहिले नाही. त्या वृत्तान्तात कावसजीचे नाव राहिले, पाहणाऱ्या इंग्रजांची नावे राहिली. ज्याच्या बोटांनी ते नाक घडविले त्याचे नाव मात्र कोणी विचारले नाही. परक्या देशातील एका मासिकाने चार ओळी छापल्या नसत्या, तर ती विद्याही त्याच्या नावाबरोबरच गेली असती. जखमेच्या कडा कालांतराने मिळून येतात. पण न लिहिलेल्या ज्ञानात पडलेला खंड कोणत्याही किरणाने सांधता येत नाही.