कॉस्टा कॉन्कॉर्डियाचे उत्थापन

कॉस्टा कॉन्कॉर्डिया : इटलीतील जिल्यो बेटाच्या किनाऱ्यावर फुटून आडवे झालेले प्रवासी जहाज. लांबी २९० मी., प्रवासी सेवेत २००६ पासून. ते सरळ करून, पुन्हा तरंगते करून मोडीसाठी जेनोवाला नेण्याची मोहीम (२०१२–१४) जहाज-उद्धाराच्या इतिहासात अतिशय खर्चिक ठरली.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री कप्तान फ्रान्चेस्को स्केत्तीनो याने जहाज बेटाच्या नको तितके जवळून नेले. खडकावर आदळून त्याची डावी बाजू सुमारे ५० मी. फाटली, इंजिनखोल्यांत पाणी भरले आणि वीज गेली. वाऱ्याने मागे लोटलेले जहाज किनाऱ्यालगत उजव्या कुशीवर कलंडले. जहाजावर ४,२२९ माणसे होती. त्यांपैकी ३२ दगावली. स्केत्तीनोला पुढे १६ वर्षांची शिक्षा झाली.

पहिले काम इंधन उपसण्याचे. टाक्यांत दोन हजारांहून अधिक टन इंधन होते आणि आसपासचा समुद्र संरक्षित होता. मार्च २०१२ अखेर टाक्या रिकाम्या झाल्या. जहाज जागेवरच तोडले असते तर आतली घाण समुद्रात गेली असती. म्हणून ते अखंड हलवायचे ठरले. हे काम टायटन-मिकोपेरी या अमेरिकी-इटालियन जोडीला मिळाले. प्रत्यक्ष सूत्रे दक्षिण आफ्रिकेच्या निक स्लोन यांच्या हाती होती.

खरी अडचण समुद्रतळाच्या उताराची होती. जहाज ग्रॅनाइटच्या दोन सुळक्यांवर टेकले होते. तिथून घसरले तर खोल पाण्यात जाणार होते. म्हणून किनाऱ्याकडून साखळदंड जहाजाच्या पोटाखालून घेऊन ते जखडले. सरळ झालेले जहाज टेकण्यासाठी समुद्राच्या बाजूला तळाशी सहा पोलादी मंच उभारले आणि सुळक्यांमधली पोकळी सिमेंट भरलेल्या पिशव्यांनी बुजवली. मंचांच्या जागी असलेले मोठे दुर्मिळ शिंपले, सुमारे २००, पाणबुड्यांनी आधी हाताने उचलून दुसरीकडे नेले. डाव्या, म्हणजे पाण्याबाहेर राहिलेल्या बाजूला प्रचंड पोलादी टाक्या जोडल्या. त्यांतल्या मोठ्या टाक्या अकरा मजली इमारतीएवढ्या उंच होत्या.

१६ सप्टेंबर २०१३ रोजी, वादळामुळे तीन तास उशिराने, सकाळी नऊला ओढ सुरू झाली. आडवे जहाज असे ओढून, फिरवून सरळ करण्याच्या पद्धतीला पारबकलिंग म्हणतात. पर्ल हार्बरमधील ओक्लाहोमा ही युद्धनौका १९४३ मध्ये याच रीतीने सरळ केली होती, पण तिथे असा उतार नव्हता. सुरुवातीचे काही तास पाहणाऱ्यांना काहीच हलताना दिसेना. सुमारे ६,००० टनांचा ताण दिल्यावर दुपारी जहाज खडकापासून सुटले. पुढे टाक्यांत पाणी सोडताच त्याच वजनाने ते स्वतःच फिरू लागले. एकदा सुटल्यावर जहाज पूर्वीच्या जागी परत ठेवण्याची सोय नव्हती. जे काय व्हायचे ते त्याच खेपेत. १९ तासांनी, १७ तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास, नागरी संरक्षण विभागाचे प्रमुख फ्रान्को गाब्रिएल्ली यांनी कोन शून्य अंशावर आल्याचे जाहीर केले. वीस महिने पाण्याखाली राहिलेली उजवी बाजू उघडी पडली : चिखल-गंजाने तपकिरी आणि खडकाने आत चेपलेली.

त्यानंतर उजव्या बाजूलाही टाक्या बसल्या, एकूण ३०. या कामात फेब्रुवारी २०१४ मध्ये एका स्पॅनिश पाणबुड्याचा जीव गेला. १४ जुलै २०१४ पासून टाक्यांतले पाणी दाबाच्या हवेने बाहेर काढत जहाज हळूहळू वर घेतले. २३ जुलैला टगबोटींनी ते ओढायला सुरुवात केली आणि चार दिवसांनी ते जेनोवात पोचले.

जहाजावर सुमारे २०० भारतीय कर्मचारी होते. बेपत्ता राहिलेला अखेरचा माणूस त्यांच्यातलाच, मुंबईकडचा एक वेटर. त्याचे अवशेष नोव्हेंबर २०१४ मध्ये, मोडतोड चालू असताना, एका केबिनमध्ये मिळाले.

जहाज बांधायला जेवढे लागले, त्याच्या दुपटीहून अधिक पैसा ते हलवायला लागला. त्याचे तोडकाम २०१७ मध्ये संपले.