जन्मतारखेला घड्याळ कशाला?

‘तारखा यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेतच) साठवा, दाखवताना स्थानिक वेळ करा’ हा मंत्र सॉफ्टवेअरवाले इतक्या श्रद्धेने जपतात, की तारीख आणि क्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच विसरतात.

पूर्वपक्षाचे जेवढे खरे आहे तेवढे आधी मानू. गारपिटीच्या नुकसानीची सूचना 72 तासांत द्यावी, अशी पीकविम्यात अट होती. परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावच्या शेतकऱ्याने ती मोबाइलवरून दिली तो एक क्षण आहे. सर्व्हर मुंबईत असो की सिंगापुरात, यूटीसीत नोंदला की तासांचा हिशेब चोख राहतो.

आता त्याच गावातल्या कुणाचा शाळेचा दाखला घ्या. नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख 1 जून लिहून टाकलेली माणसे मराठवाड्यात घरोघरी सापडतील. संगणकात ती तारीख भरली, की प्रोग्राम तिला मुकाट्याने रात्रीचे बारा चिकटवतो, साडेपाच तास मागे नेतो आणि 31 मे, 18:30 असे साठवतो. पुढे कुठल्याशा अहवालाने वेळ छाटून नुसती तारीख उचलली, की माणूस एक दिवस आधी जन्मतो. (सरकारी नोकरीत ही चूक निवृत्तीलाही उघडी पडत नाही. 1 तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीसच निवृत्त होतो. दोन्ही हिशेबांनी 31 मेच!)

यावर ठरलेले उत्तर येते: छाटू नका, नीट उलटे रूपांतर करा. नीट म्हणजे कुठल्या नियमाने? महायुद्धात, 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945, भारताची प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. संगणकांच्या कालविभाग-सूचीत ‘एशिया/कोलकाता’ या नावाखाली तो जादा तास नोंदलेला आहे. त्या सूचीने 1 जून 1943 साठवली तर होते 31 मे, 17:30. दुसऱ्या प्रोग्रामने त्यात सरळ साडेपाच तास मिळवले, तर 31 मे, रात्रीचे अकरा. परभणी तर तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या राज्याची सूचीत वेगळी नोंदच नाही.

‘मग सगळे भारतीय वेळेतच ठेवा’ म्हणणाऱ्यांनी मुंबई आठवावी. 1955 पर्यंत तिथे 39 मिनिटे मागे चालणारा ‘बॉम्बे टाइम’ टिकून होता.

जन्मतारखेसाठी डेटाबेसात नुसत्या तारखेचा रकाना असतो, तो वापरावा. मुदतीचे प्रकरण मात्र निराळे. समजा, अर्जाची मुदत 31 जुलै आहे. 1 ऑगस्टच्या पहाटे तीनला भरलेला अर्ज यूटीसीच्या तारखेने 31 जुलैचाच ठरतो आणि बिनबोभाट मुदतीत बसतो. तिथे क्षण यूटीसीत खुशाल ठेवावा, पण मुदत भारतीय मध्यरात्रीवरच तपासावी.