रमाबाई–जेराल्डिन धर्मविषयक वाद

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आणि इंग्लंडमधील अँग्लिकन जोगीण सिस्टर जेराल्डिन यांच्यात मुख्यत्वे इ.स. १८८५ च्या सुमारास पत्रांतून झालेला ख्रिस्ती धर्मसिद्धान्तविषयक वाद. चर्चमध्ये खोटी शिकवण कोणती, ती कोणी ओळखावी आणि तिला कसे उत्तर द्यावे, हा जुनाच प्रश्न येथे एका महाराष्ट्रीय विदुषीच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला.

पार्श्वभूमी

नव्या करारात खोट्या शिक्षकांविषयी वारंवार इशारे आढळतात. ऐकलेली शिकवण शास्त्राशी ताडून पाहणाऱ्या बिरुयाच्या लोकांची त्यात प्रशंसाही आहे. पुढे चर्चने परिषदा भरवून मतांगीकार ठरवले. इ.स. ३२५ च्या निकेया परिषदेने ख्रिस्ताचे पूर्ण देवत्व न मानणाऱ्या एरियसचे मत अमान्य केले. शास्त्र आणि मतांगीकार अशा दोन कसोट्या त्यामुळे रूढ झाल्या; त्या एकमेकींशी जुळतात असे गृहीत धरले जाई.

वाद

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. जेराल्डिन या तेथील मठातील त्यांच्या धर्ममाता. नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांच्या लेखनाचाही रमाबाईंच्या धर्मांतरावर प्रभाव होता. मात्र एकाच देवावर विश्वास ठेवून आलेल्या रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धान्त पटेना. तो शास्त्रात स्पष्ट दाखवा, केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसरे जोखड मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती. क्रूसावरील लॅटिन अक्षरांनाही त्यांनी हरकत घेतली. ती भाषा आपल्या देशबांधवांना परकी आहे, हे त्यांचे कारण.

जेराल्डिन यांना यात अहंकार व आज्ञाभंग दिसला. त्यांची चिंता खोटी नव्हती: बाप्तिस्मा दिलेली व्यक्ती मूळ सिद्धान्तच नाकारते, तर जबाबदारी कोणाची? पण त्यांनी उत्तर दिले ते बहुधा अधिकाराच्या भाषेत, आणि शास्त्रार्थाच्या परंपरेत वाढलेल्या रमाबाईंवर त्याचा परिणाम होणे कठीण होते. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी हे ओळखले होते. रमाबाईंच्या शंकांना आज्ञेने नव्हे, युक्तिवादाने उत्तर द्यावे, असे त्यांचे मत होते. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या प्रस्तावाला भारतातील बिशपांनी केलेला विरोध मात्र सिद्धान्ताशी निगडित नव्हता. तरी दोन्ही गोष्टी एकत्र मिसळल्या गेल्या.

उत्तरकाळ

इ.स. १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. वाद निकालात निघाला नाही, पण संबंधही तुटले नाहीत. पुढे इ.स. १८९१ च्या सुमारास आलेल्या आध्यात्मिक अनुभवानंतर त्यांची श्रद्धा रूढ ख्रिस्ती मताच्या जवळ गेली. कोणत्याही एका पंथाच्या अधीन मात्र त्या झाल्या नाहीत. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये इ.स. १९०५ मध्ये जागृतीची लाट आली, तेव्हा परीक्षकाची भूमिका त्यांच्याकडे आली. मुलींचे मोठ्याने रडणे, अन्य भाषांत बोलणे यांवर टीका झाली. रमाबाईंनी ते सरसकट दडपले नाही.

सामान्य मराठी वाचकाला शास्त्र स्वतः वाचून पारखता यावे, या हेतूने त्यांनी हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, इ.स. १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जेराल्डिन यांनी जपून संकलित केलेला पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये छापला.