सांडपाणी : एक शब्द आणि सोलापूरचे पाणी

जुन्या मराठीत ‘सांडणे’ म्हणजे केवळ लवंडणे नव्हे, तर टाकून देणे, त्याग करणे. ‘सांडपाणी’ या शब्दात हा त्याग गृहीत धरलेला आहे. सोलापूरचा इतिहास मात्र त्याची साक्ष देत नाही.

या दुष्काळी मुलखात १८७१ साली एकरुख तलाव पूर्ण झाला. पुढे १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण उभे राहिले व कालांतराने शहर त्यावर विसंबले. परंतु पुण्याने सांडलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेस मिळते आणि उजनीतच साठते. म्हणजे पुनर्वापर येथे पूर्वीपासूनच चालू आहे. तो अघोषित आहे आणि, विपरीत असे की, पिण्यासाठी आहे.

२०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरांच्या आतील औष्णिक वीजकेंद्रांना शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे बंधनकारक केले. नागपुरात भांडेवाडीचे असे पाणी कोराडीच्या वीजकेंद्रास पुरविले जाते. सोलापूरजवळही फताटेवाडीस वीजकेंद्र आहे. यंत्रे व शेते शहराचे शुद्ध केलेले पाणी जितके घेतील, तितके उजनीचे पाणी माणसांसाठी उरेल. जे मोजून, शुद्ध करून पुन्हा वापरात आणले, ते ‘सांडलेले’ कसे म्हणावे?