चित्राच्या रेषा आणि पाहणाऱ्याचे अंतर

'उच्च सुस्पष्टता' हे विशेषण आजच्या विक्रेत्यांनी रूढ केले, अशी समजूत आढळते. ती इतिहासाला धरून नाही. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीने नियमित प्रक्षेपण सुरू केले, तेव्हाही हेच विशेषण वापरात होते. आणि त्या वेळच्या दोन स्पर्धक पद्धतींपैकी एकीच्या रेषा ४०५, तर दुसरीच्या केवळ २४० होत्या. आधीच्या ३० रेषांच्या चित्राशी तुलना करता ते खोटे नव्हते, इतकेच. तेव्हा संच घेऊ पाहणाऱ्याने विशेषणाकडे न पाहता चित्राची हानी कोठे होते हे पाहावे. ही जागा दर पिढीत बदलत आली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कन्नड तालुक्यातील पिशोरसारखे गाव डोळ्यांपुढे ठेवल्यास ते अधिक स्पष्ट होते.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चित्र ६२५ रेषांचे होते. त्यांपैकी ५७६ प्रत्यक्ष दिसत. १९७५-७६ च्या उपग्रह-प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २४०० गावे होती, पण महाराष्ट्र त्यात नव्हता. पुढे म्हैसमाळच्या माथ्यावर मनोरा उभा राहिला. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की चित्रात 'मुंग्या' येतात, दुहेरी सावली पडते. डोंगरपायथ्याच्या गावी म्हणून संचापेक्षा अँटेनाची उंची व दिशा यांना अधिक मोल होते. १९८२ मध्ये रंग आला, तरी रेषा तेवढ्याच राहिल्या. त्यानंतरच्या काही वर्षांत याच जिल्ह्यात, चितेगाव येथे, व्हिडिओकॉनचे रंगीत संच तयार होऊ लागले.

आजचा हिशेब निराळा आहे. जुन्या पद्धतीच्या अंकीय चित्रात ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू असतात. पूर्ण एचडी चित्रात १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६००. प्रमाण बरोबर पाचपट. पण निरोगी डोळ्यास साधारण एका कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका, कोन वेगळा ओळखता येतो. ३२ इंची संचाचे चित्र सुमारे पावणेसोळा इंच उंच असते. 'एचडी रेडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांत पुष्कळदा ७६८ रेषा असतात, आणि आठ फुटांवरून त्याही एकमेकींत मिसळतात. त्या अंतरावर १०८० रेषांसाठी मोजलेले जादा पैसे डोळ्यापर्यंत पोहोचतच नाहीत! अंतर चार फूट असेल, किंवा संच बराच मोठा असेल, तरच ते सार्थ ठरतात.

दुसरी अडचण मुळाशीच आहे. देशातील बहुतेक जुनी भूप्रक्षेपणे २०२२ पर्यंत बंद झाली. डिसेंबर २००४ मध्ये आरंभलेली दूरदर्शनची विनाशुल्क डिश-सेवा ग्रामीण भागात पुष्कळ पसरली आहे. पण तिच्यावरील बहुतेक वाहिन्या साध्या सुस्पष्टतेच्याच आहेत. संच उरलेले बिंदू अंदाजाने भरतो; मूळ चित्रात नसलेला तपशील त्याला देता येत नाही. शिवाय संदेश फार दाबला असेल, तर धावत्या चेंडूभोवती चौकोन उमटतात. दुकानात मात्र मुद्दाम निवडलेली फुलापाखरांची दृश्ये भडक उजेडात दाखवितात. तेथे घरी येणारीच एखादी वाहिनी लावावयास सांगावी, उजेड कमी करवून घ्यावा, आणि घरी जितक्या फुटांवर बसतो तितके मागे सरून पाहावे.