कनेरगाव नाका : दोन राजवटींच्या सीमेवरील गाव

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या मार्गावरील कनेरगाव नाका हे मराठवाड्याच्या टोकाचे गाव. पलीकडे विदर्भ सुरू होतो. आज ही केवळ दोन जिल्ह्यांची हद्द असली, तरी जवळपास शतकभर येथे दोन राजवटी समोरासमोर होत्या.

मुळात हा भेद नव्हता. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यात वाशीम व पाथरी ही दोन्ही सरकारे होती. 1724 मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजामाने दख्खनेत जम बसविला आणि दोन्ही बाजू त्याच्याच अमलाखाली आल्या. सीमा पडली ती 1853 च्या तहाने. निजामाने पोसावयाच्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील 'कंटिन्जंट' फौजेचा पगार थकला आणि त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. गंमत अशी, की याच फौजेची एक छावणी हिंगोलीत होती. हिंगोली मात्र निजामाकडेच राहिली.

त्यानंतर अलीकडे उर्दू दफ्तर, हाली शिक्का आणि करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात; पलीकडे इंग्रजी कायदा व कलदार रुपया. 1902 मध्ये वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले, पुढील वर्षी मध्य प्रांताला जोडले गेले. 1905 मध्ये वाशीम जिल्हा मोडला व वाशीम अकोल्यात गेले. 15 ऑगस्ट 1947 रोजी पलीकडे स्वातंत्र्य आले. हिंगोलीकरांना मात्र 17 सप्टेंबर 1948 पर्यंत थांबावे लागले.

1 नोव्हेंबर 1956 रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात दोन्ही बाजू पुन्हा एकत्र आल्या व 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. वाशीम जिल्हा 1998 मध्ये पुन्हा झाला, हिंगोली 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. विभाग मात्र निराळेच राहिले : एक अमरावती, दुसरा छत्रपती संभाजीनगर.

जुन्या दफ्तरांचे महत्त्व मराठा-कुणबी नोंदींच्या प्रश्नाने पुन्हा पुढे आणले. मराठवाड्यातील नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमण्यात आली आणि 2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला. त्यामुळे पूर्वज सीमेच्या कोणत्या बाजूला नांदत होते आणि त्यांची नोंद कोणत्या सरकारच्या कागदावर झाली, हा प्रश्न येथील अनेक घरांत आजही दाखल्यापुरता तरी जिवंत आहे.