पिंजऱ्यातला शामा आणि मेणावरचा आवाज

1889 साल. जर्मनीतल्या लुडविग कॉख नावाच्या जेमतेम आठ वर्षांच्या मुलाच्या घरी दोन नवलाच्या गोष्टी होत्या. एक म्हणजे वडिलांनी आणलेला एडिसनचा फोनोग्राफ, आणि दुसरी म्हणजे पिंजऱ्यातला एक काळा-तांबूस पक्षी. फोनोग्राफच्या कर्ण्यात शिरलेला आवाज एका पातळ पडद्याला थरथरवायचा आणि त्या पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या नळकांड्यावर खाच पाडत जायची. मुलानं तो कर्णा पिंजऱ्याकडे वळवला. पक्षी गायला आणि मेणावर खाच उमटली.

पक्ष्याच्या गाण्याचं जगातलं हे पहिलं ज्ञात ध्वनिमुद्रण. ते आजही ऐकायला मिळतं. गाणारा पक्षी युरोपातला नव्हता. त्याची नोंद 'भारतीय शामा' अशी आहे. गौहरजानचा आवाज कलकत्त्यात तबकडीवर उतरला तो 1902 साली. म्हणजे त्याच्या तेरा वर्षं आधी आपल्याकडच्या रानातला एक गळा मेणावर नोंदला गेला होता.

शामाचं शास्त्रीय नाव 'कॉप्सिकस मलबारिकस'. त्यातला 'मलबार' आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचा. नर चकचकीत काळा, पोट तांबूस, शेपटी लांब आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. तो दाट झाडोऱ्यात आणि बांबूच्या बेटांत राहतो, उघड्यावर फारसा येत नाही. भिवंडी म्हटलं की यंत्रमागांची खडखड आणि गोदामांपुढची ट्रकची रांग आठवते. पण याच तालुक्याच्या पश्चिमेला, वसईच्या हद्दीला लागून तुंगारेश्वरचं जंगल आहे. 2003 साली ते अभयारण्य झालं. तुंगारेश्वर ते येऊर या हिरव्या पट्ट्यात पहाटे किंवा तिन्हीसांजेला शामा ऐकू येऊ शकतो. त्याचा जवळचा नातलग दयाळ तर गावातल्या तारेवर बसूनही गातो.

या आवाजात वेगळं काय आहे? माणसाचा आवाज घशातल्या स्वरयंत्रातून निघतो. पक्ष्यांचं स्वरयंत्र खाली, श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथे असतं. गाणाऱ्या पक्ष्यांना त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालवता येतात. म्हणजे एकाच गळ्यात दोन गायक. शामा त्यात भर घालतो ती नकलांची. शेजारच्या पक्ष्यांचे आवाज उचलून तो आपल्या गाण्यात गुंफतो.

पण यातलं बरंचसं गाणं जन्मजात नसतं, ते शिकावं लागतं. 1950च्या दशकात केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच या छोट्या पक्ष्याची पिल्लं इतर पक्ष्यांपासून लांब वाढवली. ती मोठी झाल्यावर गायली, पण ते गाणं तोकडं होतं, घडण नसलेलं. मोठ्यांचं ऐकल्याशिवाय त्यांना चीज बसत नव्हती. आपल्याकडे घराण्याची गायकी जशी गुरूसमोर बसून उचलतात, तसाच हा प्रकार आहे.

शिकण्याच्या याच ताकदीमुळे माणसाला पक्षी पाळावेसे वाटले. मोझार्टनं 27 मे 1784 रोजी व्हिएन्नात एक स्टारलिंग विकत घेतला. हा पक्षी आपल्या साळुंकीच्या कुळातला. मोझार्टनं नुकत्याच लिहिलेल्या एका पियानो कॉन्चेर्टोतल्या सुरावटीशी जुळणारी ओळ तो गायचा, थोडी बदलून. मोझार्टनं पक्ष्याची ती ओळ हिशेबाच्या वहीत टिपून ठेवली. तीन वर्षांनी पक्षी मेला तेव्हा त्यानं त्याला रीतसर पुरलं आणि त्याच्यावर कविताही लिहिली. आपल्या घरांतले राघू आणि मैना असेच लाडके होते. 'विठू विठू' बोलणारा पोपट ओसरीवर टांगलेला असे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

वावगं होतं ते पिंजऱ्याच्या मागे. बोलका पोपट किंवा गाता शामा रानातून येतो, बहुतेकदा ढोलीतून काढलेलं पिल्लू म्हणून. एक पक्षी घरी पोचण्याआधी वाटेत किती मेले हे घेणाऱ्याला दिसत नाही. भारतात 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1990-91च्या सुमारास देशी रानपक्ष्यांचा व्यापार पूर्ण बंद झाला. म्हणून पिंजऱ्यातला पोपट कितीही गोड बोलत असला तरी तो पाळणं आज गुन्हा आहे. इंडोनेशियात मात्र गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या स्पर्धा भरतात आणि शामाला तिथे भरपूर किंमत येते. परिणामी तिकडची कित्येक जंगलं मुकी होत चालली आहेत.

रानातले पक्षी कमी झाले की नुसती संख्या घटत नाही, शिकवणारेही घटतात. ऑस्ट्रेलियात 'रीजंट हनीईटर' नावाचा पक्षी आहे. तो आता काही शेकड्यांतच उरला आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं आढळलं की त्यातले सुमारे 12 टक्के नर स्वतःच्या जातीचं गाणं न गाता दुसऱ्याच पक्ष्यांची गाणी गात होते. आजूबाजूला आपल्या जातीचा कुणी मोठा नर नव्हता, म्हणून जे कानावर पडलं ते त्यांनी उचललं. मादीला ते गाणं ओळखीचं वाटत नाही, मग जोडी जमणं अवघड होतं. पक्षी जिवंत असतानाच त्यांचं गाणं हरवायला लागलं.

तिथल्या संवर्धकांनी पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लांना रानातल्या नरांचं ध्वनिमुद्रण ऐकवायला सुरुवात केली. एका मुलानं पिंजऱ्यापुढे कर्णा धरून जी सुरुवात केली, तीच युक्ती आता गुरूच्या जागी उभी राहिली.

तो मुलगा पुढे गायक झाला. ज्यू असल्यामुळे 1936 साली त्याला नाझी जर्मनी सोडावी लागली. ब्रिटनमध्ये तो जड यंत्रं आणि लांबच लांब केबल घेऊन रानात हिंडला. आता पक्षी घरी आणायचा नव्हता, यंत्र पक्ष्याकडे न्यायचं होतं. त्याच वर्षी 'साँग्ज ऑफ वाइल्ड बर्ड्स' हे तबकड्यांसह पुस्तक निघालं. पुढे बीबीसीवर त्याचा जर्मन हेल असलेला आवाज घरोघरी ओळखीचा झाला.

पक्ष्याचा आवाज आवडला की तो पक्षी आपल्याकडे असावा असं वाटणं स्वाभाविक आहे. कॉखच्या लहानपणी त्यासाठी पिंजरा लागायचा. आज त्याच्या सगळ्या यंत्रांचं काम खिशातला फोन करतो. पहाटे माग थंडावलेले असताना गच्चीवर दयाळ गायला, तर रेकॉर्डचं बटण दाबावं. मर्लिनसारखं ॲप त्याचं नावही सांगेल. फक्त ते रेकॉर्डिंग त्याला पुन्हा पुन्हा ऐकवू नये. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो हैराण होतो. त्याला गाऊ द्यावं. जवळपास एखादं पिल्लू बसून शिकत असेल.